पोलर एच १० छातीपट्टा: गोव्याच्या उकाड्यात आकड्याचं किती ऐकायचं, अंगाचं किती

पहाटे साडेपाचला मिरामार सर्कलवरून दोनापावलाच्या दिशेने धावायला निघणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली घड्याळ असतंच. छातीला पट्टा बांधणारे त्यामानाने थोडे. घड्याळ मागच्या हिरव्या दिव्याने ठोके मोजतंच, मग वेगळा पट्टा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. हाफ मॅरेथॉन, लांब पल्ल्याचं सायकलिंग किंवा ट्रायथलॉनची तयारी चालू असेल आणि आठवड्यात चार-पाच दिवस सराव होत असेल तर पट्टा जरूर घ्या. पण घेतल्यावर त्याचं सगळंच ऐकू नका. पट्टा ठोके नेमके मोजतो. ते कशाने वाढले हे त्याला ठाऊक नसतं. गोव्यात पाय ताजे असतानाही नुसत्या हवेने ठोके चढतात.

इथे विचार पोलर एच १० चा केला आहे. पोलर ही फिनलंडची कंपनी, १९७७ साली सुरू झालेली. खेळाडूंसाठी बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणणाऱ्या पहिल्यांपैकी. पट्ट्याचे भाग दोनच. एक कापडी इलॅस्टिक पट्टा, ज्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रोड छापलेले असतात, आणि दुसरा त्यावर दोन टिचबटणांनी बसणारा छोटा सेन्सर. सेन्सरमध्ये सीआर २०२५ हा नाण्यासारखा सेल बसतो आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ४०० तास चालतो. रोज तासभर सराव धरला तर वर्षभर निघतं. ब्लूटूथवर एकाच वेळी दोन उपकरणं जोडता येतात, शिवाय एएनटी प्लस ही दुसरी बिनतारी पद्धतही आहे. म्हणजे घड्याळ, मोबाईल आणि सायकलचा कॉम्प्युटर तिघांनाही ठोके पोचतात. घड्याळ याच कंपनीचं असावं लागत नाही. सेन्सरच्या पोटात एका सरावापुरती मेमरी आहे. तिचा उपयोग पोहताना होतो.

मनगटावरचं घड्याळ त्वचेत प्रकाश सोडून रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा हृदयाचा विजेचा इशारा थेट घेतो. फरक जाणवतो तो हालचालीत. धावताना हात हलतो, पट्टी ढिली असली की घड्याळ उसळतं, आणि सेन्सर रक्ताच्या लाटेऐवजी पावलांची लय पकडतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर ठोकेही १७० दाखवतो. निवांत धावताना अचानक १७० दिसलं की माणूस घाबरून थांबतो. ओळखायची खूण सोपी आहे. सराव संपल्यावर ठोक्यांची रेघ आणि पावलांची रेघ एकावर एक ठेवून पाहायची. दोन्ही चिकटून चालत असतील तर तो आकडा फेकून द्यायचा. सायकलवर हँडल घट्ट धरल्याने आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी हाच घोळ वेगळ्या रीतीने होतो. थंड प्रदेशात त्वचेतला रक्तपुरवठा आटतो म्हणून मनगटाचे सेन्सर चुकतात. गोव्यात ती अडचण नाही. त्यामुळे एका लयीत धावताना, पट्टी मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट असेल, तर मनगटाचा आकडा इथे बऱ्यापैकी चालून जातो. इंटरव्हलमध्ये, म्हणजे वेगाचे तुकडे आणि मध्ये विश्रांती अशा सरावात, मात्र तो मागे पडतो आणि चुकतोही.

पट्टा बांधायची पद्धत नीट पाळली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. आधी इलेक्ट्रोडचे दोन्ही भाग नळाच्या पाण्याने चांगले ओले करायचे. नुसता हात फिरवून भागत नाही, कापड पाणी प्यायलं पाहिजे. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर सपाट बसला पाहिजे. स्त्रियांनी तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या खाली घ्यावा. पट्टी इलेक्ट्रोडवर चढली की धावताना तो उचलला जातो. खोल श्वास घेतला तर दाब जाणवावा पण अडू नये, आणि दोनदा उडी मारली तर खाली घसरू नये. मग सेन्सर लावायचा आणि मिनिटभर उभं राहायचं. गळ्याजवळची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. घड्याळातला आकडा त्याच्या तीन-चार ठोक्यांच्या आत असेल तर निघा.

घासून चट्टे पडू नयेत म्हणून बरेच जण छातीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन फासतात. इलेक्ट्रोडखाली ते गेलं की त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यात तेलाचा थर बसतो आणि इशारा तुटतो. तेल फक्त पट्ट्याच्या वरच्या-खालच्या कडांना लावायचं. सनस्क्रीनचंही तेच.

चुकीचा आकडा कुठून येतो हे कळलं की पट्ट्यावरचा विश्वास ठिकाणावर राहतो. पहिल्या पाच मिनिटांत २०० च्या आसपास आणि मग एकदम १३० असं दिसलं तर इलेक्ट्रोड कोरडे होते, घाम आल्यावर ते जागेवर आले. वातानुकूलित खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागीच फिरवायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांना हे जास्त भोवतं. बाहेर मे महिन्यात दोन मिनिटांत अंग भिजतं, त्यामुळे तक्रार कमी. चोर्ला घाट उतरताना जर्सी वाऱ्याने फडफडते, सिंथेटिक कापड घासून स्थिर वीज तयार होते आणि पाय थांबलेले असताना ठोके १९० दिसतात. जर्सीची चेन वर ओढली, कापड अंगाला चिकटलं की बंद. मधूनच आकडा गायब होत असेल तर आधी पट्टा धुवा, मग सेल बदला, आणि तरीही होत असेल तर कापडी पट्टा संपला असं समजा. सेन्सर सहसा शेवटी बिघडतो.

आता खरा विषय, उकाडा.

पणजीत मे महिन्याच्या पहाटे तापमान २६-२७ अंशांखाली क्वचितच उतरतं, आणि हवेतली वाफ तर त्याहून त्रासदायक. अ‍ॅपमध्ये तापमानाबरोबर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) दिसतो, तो पाहायची सवय लावा. मे-जूनमध्ये तो इथे २५ अंशांच्या आसपास असतो. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. पण वाफ झाली तरच. हनुवटीवरून, कोपरावरून टपटपणारा घाम काहीच थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो. मग शरीर थंड होण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त घटतं, आणि तेवढंच रक्त पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. वेग तोच, पाय तेच, तासाभरात ठोके १० ते १५ ने वर. याला कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात.

हे ठोके खोटे नसतात. ‘गर्मीचे ठोके आहेत, सोडून द्या’ असं म्हणणारे प्रशिक्षक भेटतात, पण हृदय ते काम खरोखर करत असतं आणि त्याचा शीण दुसऱ्या दिवशी उतरलेला नसतो. दुसरं टोकही तितकंच चुकीचं. झोन टूची, म्हणजे हलक्या सरावाच्या टप्प्याची, वरची मर्यादा १४५ ठरवली म्हणून १४६ झाल्याबरोबर चालायला लागणारा माणूस मे महिन्यात अर्धा सराव चालतच काढतो आणि पायांना धावण्याची सवयच लागत नाही. मधला रस्ता काढायचा तर पट्ट्याच्या जोडीला दुसरं मोजमाप लागतं, आणि ते फुकट मिळतं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजायला ६ ते २० अशी पट्टी तयार केली. सहापासून सुरुवात विचित्र वाटते, पण कारण आहे. निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण त्या आकड्याच्या दहापट येतील असा हिशेब होता. ६ म्हणजे बसलेलं असताना ६० आणि २० म्हणजे जीव तोडून २००. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं जड, १५ जड, १७ खूप जड. पुढे बोर्ग यांनीच ० ते १० ची पट्टीही काढली. सरावाच्या वहीत लिहायला ती सोपी. दोन्हींतली कोणतीही एक घ्या, मिसळू नका. आणि बोलण्याची कसोटी जोडीला ठेवा. ‘उद्या सकाळी रायबंदरवरून जुन्या गोव्यापर्यंत जाऊया’ एवढं वाक्य एका दमात म्हणता आलं तर वेग हलका. ‘रायबंदरवरून’ पाशी श्वास घ्यावा लागला तर मध्यम. नुसतं ‘हो’ निघत असेल तर तो हलका सराव राहिलेला नाही, घड्याळ काहीही म्हणो.

या दोन मोजमापांची जोडी लावली की चित्र स्पष्ट होतं. पहिली वीस मिनिटं ठरवलेल्या ठोक्यांच्या आत राहून धावायचं. त्यानंतर ठोके हळूहळू चढले पण जाणीव ११-१२ वरच आहे, वाक्य पूर्ण होतंय, तर ती उष्णता. मर्यादेच्या वर ८-१० ठोक्यांपर्यंत चालू द्या, त्यापुढे वेग कमी करा. ठोके आणि जाणीव दोन्ही बरोबर चढले तर वेगच जास्त आहे किंवा पाणी कमी पडलंय. दोन मिनिटं चाला, प्या, वेग उतरवा. तिसरी जोडी सगळ्यात कमी लोकांना माहीत असते आणि महत्त्वाची तीच. ठोके नेहमीपेक्षा कमी आहेत, वर जायला तयारच नाहीत, आणि पाय मात्र शिशाचे झालेत. घड्याळ पाहून वाटतं, वा, फिटनेस वाढला. पुष्कळदा तो साचलेला थकवा असतो. अशा दिवशी इंटरव्हल रद्द करून घरी जायचं. चौथी जोडी उलटी. नेहमीच्या हलक्या वेगाला सुरुवातीलाच ठोके १२-१५ ने जास्त, जाणीव मात्र ठीक. रात्री झोप कमी झाली, ताप येऊ घातलाय, आदल्या रात्री दारू झाली, किंवा निघण्याआधी कडक कॉफी प्यायलात. यातलं कारण आठवून सापडलं नाही तर त्या दिवशी अर्धाच सराव.

अंगावर शहारे येणं, डोकं हलकं होणं, बोलताना शब्द अडखळणं, छातीत दुखणं, यांतलं काहीही उकाड्यात झालं तर आकडा पाहायचाच नाही. थांबायचं, सावलीत जायचं, डोक्यावर-मानेवर पाणी ओतायचं आणि सोबत्याला सांगायचं.

ठोक्यांची मर्यादा काढायची कशी, यात घड्याळं सर्रास चुकतात. बहुतेकांत मूळ हिशेब २२० वजा वय असतो. नंतरच्या संशोधनातून २००१ साली २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र पुढे आलं. चाळिशीत दोन्ही १८० च देतात. साठीत पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत. एकाच वयाच्या माणसांत खरी कमाल १०-१२ ठोक्यांनी इकडेतिकडे असणं अगदी सामान्य. चुकीच्या कमालीवर बांधलेले पाच झोन म्हणजे पाच चुका.

त्यापेक्षा पट्टा बांधून ३० मिनिटांची चाचणी करा. १५ मिनिटं हलकं धावून, तीन-चार छोटे वेगाचे तुकडे घेऊन अंग मोकळं करायचं. मग ३० मिनिटं एकट्याने, जमेल तितक्या सम आणि जास्तीत जास्त वेगाने. पहिल्या दहा मिनिटांनी लॅपचं बटण दाबायचं आणि शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी घ्यायची. तो साधारण तुमचा उंबरठा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या श्रमाची वरची हद्द. हलका सराव त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. सरासरी १६८ आली तर हलक्याची वरची मर्यादा सुमारे १४३. मिरामार-दोनापावला रस्ता यासाठी चांगला. तुकडा सपाट आहे आणि पहाटे वाहनं कमी. आल्तिनोचा चढ किंवा फोंड्याकडचा फर्मागुढीचा रस्ता चाचणीला नको, चढ-उतारात वेग सम राहत नाही. चाचणी वर्षातून दोनदा करा, एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा एप्रिल-मेमध्ये. त्याच उंबरठ्याला मे महिन्यात वेग किलोमीटरमागे कितीतरी सेकंदांनी मंद येतो. डिसेंबरच्या वेगाचा तक्ता मे महिन्यात लावणं हे इथल्या धावपटूंच्या थकण्याचं मोठं कारण आहे, आणि ते टाळता येतं.

ड्रिफ्ट मोजायचा हिशेब वहीतही होतो. समजा एक तास हलकं धावलात. पहिल्या अर्ध्या तासात ५ किलोमीटर, सरासरी ठोके १४२. मिनिटाला १६६.७ मीटर, ठोक्यामागे १.१७ मीटर. दुसऱ्या अर्ध्या तासात ४.९ किलोमीटर, ठोके १५३, ठोक्यामागे १.०७. घट सुमारे ९ टक्के. पुस्तकी नियम सांगतो की ५ टक्क्यांच्या आत असेल तर दमाचा पाया पक्का. गोव्यात मे महिन्यातल्या ९ टक्क्यांवरून पाया कच्चा ठरवू नका. हाच रस्ता, हीच वेळ, मागच्या आठवड्याशी तुलना करा. उकाड्यात रोज तासभर सराव केला तर १० ते १४ दिवसांत शरीर सरावतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला ठोके उतरतात. ९ चे ६ झाले तर सराव लागू पडतोय.

पाण्याचा अंदाजही आकड्यानेच लावलेला बरा, तहानेवर सोडला तर चुकतो. कपड्यांशिवाय, अंग पुसून, आधी आणि नंतर वजन करा. ६८.४ किलोचे ६७.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात, तर घाम १.७ लिटर. सराव सव्वा तासाचा असेल तर तासाला सुमारे १.३५ लिटर. घट वजनाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा. ६८ किलोला ती १.३६ किलो. नंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं, आणि लांब शर्यतीत ते कमी पाण्याइतकंच, कधी त्याहून धोकादायक. साधं पाणी पिऊन मीठ भरून निघत नाही. मिठाची पेज सराव झाल्यावर उत्तम. आडसरात (शहाळ्याच्या पाण्यात) पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून त्यात चिमूटभर मीठ घालून प्या.

आता आकडा कुठे जिंकतो आणि अंग कुठे. शर्यतीचे पहिले तीन किलोमीटर आकड्याचे. अंग हलकं वाटतं, गर्दी ओढते, जाणीव ११ सांगते आणि ठोके उंबरठ्याला भिडलेले असतात. गोव्यातली आयर्नमॅन ७०.३ ही मिरामारला २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, आणि वेळ पावसाळ्यानंतरच्या उकाड्याची. तिथे सायकलवर पहिला अर्धा तास जे भावनेवर चालवतात ते पुढे धावण्याच्या टप्प्यात चालताना दिसतात. वाळूही आकड्याची जागा आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत डांबरापेक्षा साधारण दीडपट ऊर्जा लागते. करंझाळेच्या किनाऱ्यावर वेग पाहून निराश होण्यात अर्थ नाही, ठोके पाहा. आणि गटात धावताना. गप्पांच्या नादात हलका सराव मध्यम होतो, सगळ्यांचाच.

याउलट आल्तिनोवर ४५ सेकंदांचे चढाचे तुकडे घेताना पट्टा निरुपयोगी. ठोके श्रमाच्या मागून येतात. तुकडा संपतो तेव्हा ते अजून चढत असतात. तिथे श्वास, पायांतली ताकद आणि चढावर पोचायला लागलेले सेकंद एवढंच. बीटा-ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ठोक्यांचे झोन वापरूच नयेत, गोळी ठोके दाबून ठेवते. बोर्गची पट्टी आणि बोलण्याची कसोटी, तीही डॉक्टरांशी बोलून. सायकलला पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तरी हेच सूत्र. २०० वॅट डिसेंबरातही २०० आणि मे महिन्यातही २००, पण अंगाला पडणारी किंमत वेगळी. पॉवर मीटर वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलात तर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच आकडा शून्यावर आणा. धातूचं तापमान बदललं की आकडा सरकतो.

समुद्रात पट्ट्याकडून फार अपेक्षा नको. एच १० पाण्यात ३० मीटरपर्यंत टिकतो असं कंपनी सांगते, पण ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, आणि खारं पाणी वीज इतकी सहज वाहून नेतं की दोन इलेक्ट्रोडमध्ये शॉर्ट होऊन आकडे उड्या मारतात. सेन्सरच्या मेमरीत सराव साठवून बाहेर आल्यावर अ‍ॅपमध्ये उतरवता येतो, तरी पाण्यातला तो आलेख अर्धवटच असतो. शिवाय भिंतीवरून जोरात ढकललं की तलावात पट्टा पोटावर सरकतो. पोहण्याला हातांचे फटके मोजणं आणि तीन फटक्यांनी श्वास घेता येतोय का हे पाहणं पुरे.

सकाळचा आकडा हा वेगळा विषय. पट्टा दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात देतो, म्हणून हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे त्या अंतरातला कमी-जास्तपणा, मोजायला तो मनगटापेक्षा भरवशाचा. उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, रोज एकाच स्थितीत बसून दोन-तीन मिनिटं. एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवू नका, सात दिवसांची सरासरी पाहा. चवथीला आरत्या-भजनांत दोन रात्री जागरण झालं की आकडा पडतोच. त्यासाठी यंत्राची गरज नाही, डोळे सांगतात. घड्याळं देतात तो ‘तयारीचा गुण’, १०० पैकी ४३ वगैरे, तो कसा काढला हे पूर्ण उघड नसतं, आणि उठल्याबरोबर ४३ वाचलं की पाय खरंच जड वाटायला लागतात. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. सरावाचा ताण खेळाडूने स्वतः सांगितलेल्या मनःस्थितीत, थकव्यात आणि झोपेत जितका नेमका उमटतो तितका रक्त किंवा ठोक्यांच्या मापांत उमटत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वहीत झोप, पायांचा जडपणा आणि उत्साह यांना १ ते ५ गुण, मग पट्टा. उलटा क्रम केला की तुम्ही स्वतःला विचारत नाही, आकड्याला दुजोरा देता.

हाच क्रम धावतानाही चालतो आणि पट्ट्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. घड्याळावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. दर किलोमीटरला आधी ठोके किती असतील याचा अंदाज मनात म्हणा, मग चिकटपट्टी उचलून पाहा. पहिल्या आठवड्यात १५-२० ने चुकाल. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा अंदाज पाच ठोक्यांच्या आत येतो. आला की हलक्या सरावाला पट्टा घरी ठेवायला हरकत नाही. मे महिन्यात आणि शर्यतीच्या आधीचे तीन आठवडे पुन्हा बांधा. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने ० ते १० च्या पट्टीवर पूर्ण सराव किती जड गेला ते लिहा आणि मिनिटांनी गुणा. ५० मिनिटं गुणिले ४ म्हणजे २००. ९० गुणिले ६ म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज एकदम उसळली तर पुढच्या आठवड्यात आवरा. यासाठी पेन पुरतं.

निगा. इथल्या हवेत हा भाग दुर्लक्षित राहिला तर चांगला पट्टाही लवकर जातो. प्रत्येक सरावानंतर सेन्सर काढायचाच. ओल्या पट्ट्यावर तो लागलेला राहिला तर चालू राहतो आणि सेल संपतो; ‘४०० तास कुठले, तीन महिन्यांत गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. पट्टा वाहत्या पाण्याखाली धुवा, आठवड्यातून एकदा जाळीच्या पिशवीत घालून ४० अंशांवर मशीनमध्ये. ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, इस्त्री नको. पिळू नका. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पट्ट्याला चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, म्हणून पंख्याखाली खुंटीला टांगा. टिचबटणांवर हिरवट थर दिसला तर ती खाऱ्या घामाची करामत; सेन्सरचे बटण मऊ कापडाने सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा. सेल बदलताना झाकणाच्या रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना ते उजेडात पाहा. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

कापडी पट्टा वेगळा विकत मिळतो आणि तो दोन मापांत येतो, घेण्याआधी टेपने छाती मोजा. इलॅस्टिक सैल होऊन बकल शेवटच्या टोकाला गेलं, किंवा ओला करूनही पहिली पाच मिनिटं आकडा लागत नसेल, की नवा घ्या; सेन्सर तोच चालतो. महिन्यात चार-पाच वेळाच धावणाऱ्यांनी, किंवा आकडा दिसला की ज्यांना तो रोज ओलांडावासाच वाटतो त्यांनी, हे पैसे सध्या चांगल्या बुटांत घालावेत.